दहा वजा चार अधिक तीन

माझ्या यजमानांना जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं अजूनही त्यांच्याबद्दल हलक्या आवाजात बोलतात. शिस्तीचे शिक्षक होते, म्हणतात. हाडाचे शिक्षक होते, म्हणतात. मी मान हलवते आणि चहा ठेवायला उठते. त्यांच्याबद्दल हलक्या आवाजात बोलायचं म्हणजे अवघडच, कारण त्यांचा स्वतःचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा. आणि शिस्तीचं म्हणाल, तर त्यांच्या शर्टाचं एक तरी बटण कायम चुकीच्या काजात असायचं. मला आठवतो तो माणूस निराळा आहे. तो कागदावर यावा म्हणून रोज थोडं थोडं लिहायला बसते. मला वेळ लागतो. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावली. स्वतःचं एक वाक्य लावायला सकाळ जाते.

माझं माहेर धरमपेठेतलं, घरात शुद्ध बोलायची सक्ती. ते उमरेडच्या विणकर घरातले. शिकायला म्हणून लहानपणी नागपूरला मामांकडे आले, विणकरांच्याच वस्तीतल्या एका शाळेत शिकले आणि पुढे त्याच शाळेत गणिताचे शिक्षक झाले. लग्नानंतर पहिलं वर्षभर ते ‘काहून’ म्हणाले की मला हसू यायचं. दुसऱ्या वर्षी मीच दूधवाल्याला म्हणाले, ‘काहून उशीर केला?’ त्या दिवशी ते इतके खूश झाले की दुधाचं पातेलं त्यांनीच आत नेलं आणि गॅसवर उतूही घालवलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. सरकारने काही निवडक शाळांना कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं आणि कसा कोण जाणे, त्यांच्या शाळेचा नंबर लागला. अट एकच होती. साहेब पाहणीला येतील तेव्हा मशीन नीट चालताना दिसलं पाहिजे, नाही तर ते दुसऱ्या शाळेत हलवणार. दुसरी शाळा तयारच होती, धरमपेठेतली, इंग्रजी माध्यमाची. तिने म्हणे खोलीला पडदेसुद्धा लावून ठेवले होते.

“आपल्या पोरायनं हे पुन्हा कधी पाहाचं मंग?” ते मला म्हणाले. “त्या पोरायच्या घरी आज ना उद्या येईनच. आमच्या पोराच्या घरी माग आहे, अन् तोबी बंद.” त्यांच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांचे वडील तोवर हातमाग सोडून मिळेल ते काम करू लागले होते. या मुलांनी त्या मशीनवर बोटं ठेवावीत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी सुटीतले दिवस मोडून ते एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रशिक्षण घेऊन आले.

प्रशिक्षणाच्या दिवसांत आमच्या घरात रोज संध्याकाळी एक नवा वाद असे. एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘अ = अ + १’.

“हे चूक आहे,” मी म्हणाले. “कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते.”

“हे ‘बरोबर’चं चिन्ह नाई वं. हे ‘ठेव’ आहे. अ नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक टाक, अन् परत त्याच डब्यात ठेव.”

“मग तसं चिन्ह काढायला काय झालं होतं?”

“तू मशीनवाल्यायले भेट एकदा. तुले पाहून ते काढतीन.”

दुसऱ्या दिवशी आणखी एक. मशीनला विचारायचं, पाच तीनपेक्षा मोठे आहेत का? खरं असेल तर ते उणे एक सांगतं आणि खोटं असेल तर शून्य. याचं त्यांना फार हसू आलं होतं. “म्हणजे पाह्य, खरं बोलणारा एकानं मागंच राहते. हे मशीन आपल्याकडंच बनवलं असन.”

मशीन आलं ते नागपूरबाहेर वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात. ते स्वतः शाळेच्या शिपायाला घेऊन तिथे गेले, एक मेटॅडोर ठरवली आणि मागच्या बाजूला, खोकं मांडीवर घेऊन, अमरावती रोडच्या सगळ्या खड्ड्यांतून शाळेपर्यंत आले. खोक्यातून निघाली ती टंकलेखन यंत्रासारखी एक पसरट पेटी. पडदा म्हणून शाळेचाच टीव्ही जोडायचा होता. शिपाई वयाने मोठा आणि तोंडाने मोकळा. तो म्हणाला, “सर, टीवी तर आपलाच लावला. मंग सरकारनं काय देलं?”

खोलीच्या दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. शिपायाने चौकटीला लिंबू-मिरची बांधली आणि पेटीला कुंकू लावलं. यांनी कुंकू चालू दिलं, पण पेटीवर अक्षता टाकायला मनाई केली. बटणांच्या फटीत तांदूळ गेला तर काढायचा कसा, हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

आता मोठ्या सरांबद्दल सांगायला हवं. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. खादीचा पांढरा सदरा, आवाज कधी चढत नसे आणि चढवायची वेळही येत नसे. यांना शाळेत गणित शिकवलं ते मोठ्या सरांनीच. मामांकडे माणसं फार झाली तेव्हा वसतिगृहात जागा मिळवून दिली तीही त्यांनीच. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी ‘कंचेभागुबेव’ म्हणता यायचं. आकडे आणि चिन्हं एका ओळीत मांडली की ती झाली पदावली. ती सोडवताना आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. पहिली अक्षरं जोडून हा मंत्र होतो. मोठे सर तो मुलांकडून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घेत.

साहेब सोमवारी येणार होते. त्याआधीच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मोठ्या सरांनी पालकांना मशीन पाहायला बोलावलं. मीही गेले होते. खोलीत मुलं जमिनीवर, पालक भिंतीला टेकून, आणि पुढे एकाच खुर्चीवर मोठे सर. यांनी मशीन सुरू केलं. दोन अधिक तीन विचारलं. पडद्यावर पाच उमटले आणि टाळ्या पडल्या. मग मोठमोठे गुणाकार झाले. मागे उभ्या असलेल्या एका विणकराने तेरा सत्ते विचारलं आणि उत्तर येण्याआधी स्वतःच सांगून टाकलं.

“पाहा, मी जिंकलो,” तो म्हणाला.

“ही पाढ्यांची कामं झाली,” मोठे सर उठत म्हणाले. “डोकं आहे का ते पाहू. पदावली देऊ या.” त्यांनी फळ्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं: १० – ४ + ३. मग मुलांकडे वळले. “काय आधी?”

मुलांनी टाळ्यांवर मंत्र म्हटला. बेरीज आधी, वजाबाकी मागून. चार अधिक तीन, सात. दहातून सात गेले.

“तीन,” सगळी खोली म्हणाली. मीही म्हणाले. मशीनशी बसलेले हेही म्हणाले.

मग यांनी तीच पदावली टाइप केली. पडद्यावर नऊ आले.

“बटण चुकलं असेल,” मोठे सर म्हणाले. “पुन्हा.”

पुन्हा नऊ. बंद करून, थोडं थांबून, सुरू केलं. नऊ.

“मशीनले गिऱ्हाईक पाहून भाव सांगाची सवय दिसते,” मागचा विणकर म्हणाला, आणि पालक हसले. मुलं हसली नाहीत. ती मोठ्या सरांकडे बघत होती.

“बिघडलेलं आलंय,” मोठे सर शांतपणे म्हणाले. “वाडीहून येताना आपटलं असेल.”

“मी मांडीवर आणलं, सर.”

“मग त्याच्या आधी आपटलं असेल. सोमवारी साहेब जीप घेऊन येतीलच. त्यांच्याबरोबर परत पाठवू. दुरुस्त होऊन येईल.”

“गेलं की येत नाई, सर. धरमपेठेत जाईन.”

“जाऊ दे. मुलांना चुकीचं गणित सांगणारी वस्तू मी माझ्या शाळेत ठेवणार नाही.” त्यांनी शिपायाला खोलीला कुलूप लावायला सांगितलं. शिपाई लिंबू-मिरचीकडे संशयाने पाहत कुलूप लावू लागला.

घरी येताना ते सायकल नेहमीपेक्षा जोरात मारत होते. मागे कॅरिअरवर बसून मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. चिंता असली की त्यांची भूक वाढायची. त्या दुपारी त्यांनी इतक्या पोळ्या खाल्ल्या की मला पुन्हा कणीक मळावी लागली.

रविवारी सकाळी आम्ही तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. हिवाळ्यात आमच्याकडे वांग्याच्या भाजीत या शेंगांचे कोवळे दाणे, म्हणजे सोले, घालायची पद्धत आहे. त्यांच्या सोलण्यात निम्मे दाणे तोंडात जायचे. त्या दिवशी मात्र ते ताटलीत दाणे मांडून बसले होते.

“इकडे ये वं. हे दहा आहेत. यातले चार उचल.”

“मला फोडणी टाकायची आहे.”

“वांगे कोठी पळून नाई चालले. उचल.”

मी उचलले.

“आता तीन टाक.”

मी पातेल्यातले तीन दाणे ताटलीत टाकले.

“किती झाले?”

“नऊ.”

“मंग काल तू तीन काहून म्हणाली?”

मी दाणे पुन्हा मोजले. त्यांनी दाणे पुन्हा मांडले आणि आता मोठ्या सरांच्या रीतीने करून पाहिलं. चार आणि तीन मिळवले, सात झाले, सातही उचलले. ताटलीत तीन उरले.

“पाह्य. हे तीन दाणे मले द्यायचे होते. मी उलटे घेऊन चाललो.” ते उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आले. “मशीन बरोबर आहे वं. आपण सगळे चुकलो. मीबी. इतकी वर्षं पोरायले हेच शिकवून राहिलो.”

मी माळ्यावरून माझं मॅट्रिकचं बीजगणित काढलं. एका पानाच्या तळाशी बारीक टाइपात सापडलं. बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी करावी. म्हणजे ‘बे’ आणि ‘व’ यांच्यात थोरला-धाकटा कोणी नव्हताच. मंत्र म्हणायला सोपा जावा म्हणून एकामागे एक बसले होते, इतकंच. शाळेतल्या गणितांत वजाबाकी बहुतेक वेळा शेवटी यायची, तिथे कोणत्याही रीतीने उत्तर एकच. म्हणून कोणाचं कधी अडलं नव्हतं.

“झालं तर,” मी म्हणाले. “हे पान मोठ्या सरांना दाखवा.”

“तू दाखवशील का?”

“मी कशाला?”

“मंग मी तरी कसा दाखवू?” ते म्हणाले. “त्या माणसानं मले ‘दोन’ लिहाले शिकवलं. आता चार महिन्यांनं घरी जाऊन राहिला. त्याले सांगू, का सर, तुम्ही जन्मभर उलटं शिकवलं?”

मशीन जाऊ देणं त्यांना जमणार नव्हतं आणि मोठ्या सरांना चूक म्हणणंही. दुपारभर ते माझ्यावर वेगवेगळी वाक्यं करून पाहत होते. मला मोठे सर व्हायला सांगत, आणि मी काही बोलले की म्हणत, “सर असं नाई बोलत. तू फार सोपी आहे.” चहाच्या वेळेला त्यांना युक्ती सुचली. मोठ्या सरांचं उत्तर बरोबर ठरवायचं, आणि मशीनचंही. मधे कंस घालायचा. दहा वजा, कंसात चार अधिक तीन. मशीनला असं विचारलं तर तेही तीनच सांगेल. म्हणजे मोठे सर चुकले नाहीत, मशीन बिघडलं नाही, फक्त कंस लिहायचा राहून गेला. त्यांना ही युक्ती इतकी आवडली की ते शर्ट बदलून तयारच झाले.

मोठे सर दोन खोल्यांत, पुस्तकं आणि तुळशीच्या कुंड्या यांच्यामध्ये राहत. आम्ही गेलो तेव्हा ते दारात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात वर्तमानपत्र वाचत होते. सरांच्या पत्नीने चिवडा आणला. मोठे सर म्हणाले, “मशीनची वकिली करायला आलास ना? बायकोला साक्षीदार म्हणून आणलंस?”

“नाई सर. मशीनचं थोडं चुकलंच.” त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पदावली लिहिली आणि तिच्यात कंस घातला. “तुमच्या मनात हा कंस होता. आम्हाले सवयीनं समजला. मशीनले कसा दिसन? ते बिचारं लिहिलेलंच पाह्यते. असं लिहिलं का तीनच देते, सर. मी लिहून देतो.”

मोठ्या सरांनी वर्तमानपत्र जवळ ओढलं आणि कंसावर बोट ठेवलं. चिवड्याचा घास यांच्या हातात तसाच होता.

“माझ्या मनात कंस नव्हता,” मोठे सर म्हणाले.

“असन, सर. तुमाले आता आठवत नसन.”

“मला आठवतं. मी कंस घातला नव्हता, मनातही नव्हता. तुला सातवीतसुद्धा खोटं बोलता येत नव्हतं, कान लाल व्हायचे. आताही झालेत. सांग, कंस काढला तर किती?”

यांनी हातातला घास तोंडात टाकला. मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगा, बाई.”

“नऊ,” मी म्हणाले.

“कसे?”

मग सोल्यांची सगळी हकीकत त्यांना सांगावी लागली. यांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचून करूनही दाखवलं. मोठ्या सरांनी स्वतः एकदा केलं. मग हात झटकले, चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, “उद्या प्रार्थनेच्या आधी मला दहा मिनिटं लागतील. आणि शिपायाला सांग, कुलूप काढ.”

परतताना हे म्हणाले, “मी त्याहिले वाचवाले गेलो होतो.” आणि घराचं कुलूप काढताना, “त्याहिनं कंस घेतलाच नाई.”

सोमवारी मी कॉलेजात उशिरा येईन असं कळवून शाळेत गेले. मैदानात मुलं रांगेत उभी होती. साहेबांची जीप फाटकाशी येऊन थांबली होती, आणि साहेब उतरून तिथेच ऐकत उभे राहिले. मोठ्या सरांनी फळा बाहेर आणवला होता. शनिवारचीच पदावली लिहून ते म्हणाले, “याचं उत्तर मी तीन सांगितलं होतं. ते चूक आहे. उत्तर नऊ. बेरीज आणि वजाबाकी बरोबरीच्या बहिणी आहेत. डावीकडून जी आधी भेटेल तिला आधी घ्यायचं. मशीन ठीक आहे, चूक माझी होती.” आवाज नेहमीइतकाच. पुन्हा मंत्र म्हणून घेतला. या वेळी ‘बेव’ला दोन टाळ्यांऐवजी एकच टाळी होती.

मग सहावीच्या रांगेतून एका मुलीचा हात वर आला.

“सर, सहामाहीत माझं नऊसारखंच आलं होतं. वेगळं गणित होतं, पण मी असंच सोडवलं होतं. तुम्ही फुली मारली.”

“मारली असेल.”

“मंग मले मार्क?”

“पेपर जपून ठेवलाय?”

“आईनं ठेवला, सर.”

“घेऊन ये.”

एवढं ऐकणं पुरे होतं. शाळेला लागूनच मुलांची घरं. प्रार्थना संपते न संपते तोच निम्मी शाळा फाटकाबाहेर पळाली आणि जुन्या उत्तरपत्रिका घेऊन परत आली. मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर रांग लागली. तिच्यात ज्यांचं उत्तर कोणत्याही रीतीने चूक होतं तीही मुलं उभी होती. शिपाई रांग सरळ करत ओरडत होता, “धक्का नका मारू गा, मार्क काई संपून नाई राहिले.” मोठे सर तांबडी शाई घेऊन एकेक पेपर तपासत होते, फुल्या खोडत होते, आणि मला वाटतं त्यांना मजा येत होती.

साहेबांनी मशीन पाहिलं. यांनी त्यांना दोन-चार गोष्टी चालवून दाखवल्या. साहेब म्हणाले, ठीक आहे, राहू द्या इथेच, आणि त्यांची जीप आली तशी रिकामी गेली.

हे रांगेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मोठ्या सरांनी मान वर करून पाहिलं.

“तुझं काय?”

“माझेबी मार्क पाहा ना, सर. सातवीचे.”

“तुझं उत्तर तीनच असायचं,” मोठे सर म्हणाले. “तुझे कापावे लागतील. चल, वर्गावर जा.”

हे मशीनच्या खोलीत वर्गावर गेले तर तिथे कोणी नव्हतं. सगळी मुलं रांगेत. मशीन सुरू होतं, पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत होती. मी चपला काढून दाराशी उभी होते. त्यांनी खोलीत नजर फिरवली, खडू उचलला आणि मला म्हणाले, “बस वं समोर. आज तूच माझा वर्ग.”